पुरवणी जबाब

टिल्लू हे नाव त्याला पडलं तेव्हा तो वयाच्या मानाने फारच बुटका होता. आता दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, पण वहिनीच्या तोंडी नाव तेच राहिलं. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तो शाळेत जात होता आणि त्याला आई नव्हती. त्याचा डबा, त्याच्या वह्या, त्याची आजारपणं, सगळं तिनेच पाहिलं. पुढे तिचा नवरा, म्हणजे टिल्लूचा थोरला भाऊ, एका दुपारी छातीत कळ येऊन गेला आणि घरात दोघंच उरली. वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. टिल्लू कुरिअर कंपनीची गाडी घेऊन दारोदार पार्सलं पोचवायचा. फार काही नव्हतं, पण कुरकुर करावी असंही काही नव्हतं.

मग ते पार्सल हरवलं.

प्रकरण तसं अगदीच साधं होतं. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. त्यांच्या नावाचा खोका होता. टिल्लूने घंटी वाजवली, थोडा थांबला, परत वाजवली. दार उघडेना, तेव्हा त्याने तो खोका खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे दिला आणि गाडीत बसून हातातल्या यंत्रावर नोंद केली. ‘शेजारी दिले’ दाबायचं ते घाईत ‘घरी दिले’ दाबलं गेलं. शेजारणीने खोका कपाटात ठेवला आणि त्याच संध्याकाळी ती लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी निघून गेली. बाईंच्या फोनवर पार्सल घरी दिल्याचा मेसेज आला होता आणि घरात पार्सल नव्हतं. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि पोलिसांकडे चोरीची तक्रार नोंदवली.

टिल्लूला ठाण्यावर बोलावलं. शेजारणीकडे दिलं, असं तो सांगत राहिला. शेजारणीच्या दाराला कुलूप होतं आणि तिचा नंबर कुणाकडे नव्हता. पोलिसांनी त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. कंपनीचं जाकीट अंगात असताना सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं आणि दिवस कलल्यावर जा म्हणाले. कंपनीने मात्र दुसऱ्याच दिवशी ते जाकीट काढून घेतलं.

यथावकाश शेजारीण परत आली, तिने कपाट उघडलं, आणि खोका जसाच्या तसा वर बाईंच्या हातात गेला. बाईंनी पोलिसांना फोन करून तसं कळवलं. बरं झालं, प्रकरण बंद करतो, असं पलीकडून सांगण्यात आलं. सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला. कंपनीने टिल्लूला परत घेतलं नाही, पण ते दोघांनीही फार मनाला लावून घेतलं नाही. गाडी चालवता येणाऱ्या माणसाला काम मिळायला काय अडचण, असं वहिनीला वाटलं होतं.

अडचण होती. एका ठिकाणी त्याला कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी कागद बघून बसा म्हणाले, आत जाऊन आले आणि जागा भरली आहे म्हणाले. रक्ताचे नमुने तपासणीला नेणाऱ्या एका प्रयोगशाळेत मात्र तिथल्या मॅनेजरबाईंनी त्याला समोर बसवून खरं काय ते सांगितलं. पोलिसांच्या वेबसाइटवर त्याचं नाव येतं. पार्सलचोरीत.

ती वेबसाइट नवी होती. जिन्यांतून, फाटकांतून, दाराशी ठेवलेली पार्सलं नाहीशी व्हायचं प्रमाण इतकं वाढलं होतं की लोकांनी मागणी लावून धरली: कुठे किती चोऱ्या झाल्या, पोलिसांनी काय केलं, हे आम्हाला घरबसल्या दिसलं पाहिजे. वहिनीच्या इमारतीतही कुणीतरी सह्यांचा कागद फिरवला होता आणि तिने सही केली होती. तिचाही एक स्वेटर जिन्यातून गेला होता. मागणी रास्तच होती. सरकारने ती मान्य केली आणि पार्सलचोरीच्या सगळ्या तक्रारी सगळ्यांना वाचायला खुल्या झाल्या.

त्या संध्याकाळी दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून फोनवर त्याचं नाव टाकून पाहिलं. शोधावं लागलंच नाही, सगळ्यात वर आलं. तक्रारदाराचं नाव आणि पत्ता झाकलेला होता. ‘संशयित’ असं लिहिलेल्या रकान्यात टिल्लूचं नाव होतं, मधे वडिलांचं, शेवटी आडनाव. वहिनीची नजर मधल्या नावावर अडली. सासरे जाऊन किती वर्षं झाली होती. उभ्या जन्मात कुणाची सुई इकडची तिकडे न केलेला माणूस, आणि त्याचं नाव चोरीच्या कागदात मधोमध बसलं होतं.

“शोधायला सोपं केलंय मात्र,” टिल्लू म्हणाला आणि हात धुवायला उठला.

शीतगृहात क्रेट उचलायचं रोजंदारीचं काम त्याला मिळालं. तिथे कुणी नाव विचारत नव्हतं. थंडीने त्याच्या बोटांची कातडी फाटायला लागली. संध्याकाळी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि जेवायला हाक मारली की उठायचा. बोलायचा तो कामापुरतं. वहिनीने थोडे दिवस ते बघितलं. मग आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती पोलिसांच्या अभिलेख कक्षात गेली.

कक्ष मुख्य ठाण्याच्या मागे होता, सायकली ठेवायच्या जागेतून आत. एक लांबट खोली, भिंतीला बाकं, समोर काचेची एकच खिडकी. खिडकीत बसणारे गृहस्थ कायम सर्दी झालेले, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. लोक त्यांना रेकॉर्डवाले म्हणत. वहिनीचा नंबर आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. रात्रभर मनात जुळवून आणलेलं होतं, तरी तोंडातून उलटसुलटच बाहेर आलं. रेकॉर्डवाल्यांनी मधे तोडलं नाही. रुमालाने नाक पुसत त्यांनी संगणकावर प्रकरण काढलं आणि म्हणाले, बरोबर आहे तुमचं, प्रकरण बंद झालेलं आहे, पार्सल मिळालेलं आहे.

“मग ते नाव काढून टाका ना,” वहिनी म्हणाली.

ते काढता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. वेबसाइटवर तक्रार जशी आली तशी ठेवायची असा नियम आहे. लोकांनीच तसा आग्रह धरला होता, आणि त्यात चूकही नाही. पोलिसांच्या हातात पुसायची सोय दिली तर ज्यांचे हात वरपर्यंत पोचलेले आहेत त्यांची नावं आधी पुसली जातील. तपासाचं टिपण, म्हणजे शेवटी काय निघालं तो कागद, वेबसाइटवर जात नाही. पण तो गुप्तही नाही. कुणीही अर्ज करून त्याची नक्कल मागू शकतं.

वहिनीने अर्ज केला. रेकॉर्डवाल्यांनी तिला पोच दिली. ती तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि पुढचा महिना-दीड महिना इस्पितळाच्या चादरी यंत्रात घालत राहिली. लाँड्रीचं काम बिनबोलाचं. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, गरम रुळाच्या तोंडाशी द्यायची, दुसरी उचलायची. पलीकडचं टोक धरणारी मैत्रीण विचारायची, आलं का गं काही? वहिनी मान हलवायची. मैत्रिणीने नंतर विचारणं सोडून दिलं.

पाकीट आलं ते टिल्लू घरात असताना. वहिनीने सुरीने कड फोडली. आत एकच पान होतं. चौकशी केली असता पार्सल शेजारी राहणाऱ्या महिलेकडे सुरक्षित मिळून आले, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तक्रारदारास पार्सल पोचले. त्यापुढे एक लांब काळी पट्टी होती आणि पट्टीपुढे लिहिलं होतं: यांचा सदर प्रकरणाशी संबंध नाही. वहिनीने कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पट्टी घट्ट होती. काहीएक दिसेना.

टिल्लूने तो कागद तिच्या हातून घेतला, वाचला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं. “वहिनी, कुणीतरी निर्दोष सुटलंय खरं. कोण, ते तेवढं सांगत नाहीत.”

तीही हसली. मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ तिला उठवेना.

पुढच्या सुट्टीला ती परत खिडकीशी गेली. ज्याच्यावर गुन्हा ठरला नाही त्याचं नाव तिऱ्हाइताला द्यायचं नाही, असा नियम असल्याचं रेकॉर्डवाल्यांनी सांगितलं. दीर स्वतः ओळखपत्र घेऊन आला तर त्याला पट्टीशिवाय नक्कल मिळेल. पण ती त्याच्या हातात राहील. वेबसाइटवर जे आहे ते आहेच. आणखी काही करता येण्यासारखं आहे का, असं वहिनीने विचारलं. मागे रांग होती. त्यांनी दोन्ही चष्मे काढून डोळे चोळले आणि म्हणाले, एक आहे. ज्यांनी तक्रार दिली त्यांनी स्वतः येऊन पुरवणी जबाब दिला तर तो मूळ तक्रारीचाच भाग धरतात. तो तक्रारीखाली लागतो, सगळ्यांना दिसतो. पण आजवर त्यासाठी कुणी आलेलं नाही. वस्तू मिळाल्यावर इकडे कोण फिरकतंय?

वहिनीने घरी येऊन टिल्लूला पत्ता विचारला. पत्ता त्याला पाठ होता, पण तो सांगेना. सोडून दे म्हणाला. ती म्हणाली, निदान तू ठाण्यावर जाऊन ती नक्कल तरी आण. त्यालाही तो तयार होईना. दोघांचं वाजलं. आवाज चढले नाहीत. चढवायची ताकद दोघांतही नव्हती.

“मी माझ्या सुट्ट्या त्या बाकावर घालवते,” वहिनी म्हणाली. “सोडून दे म्हणायला तुझं काय जातंय?”

“माझंच जातंय ना,” टिल्लू म्हणाला.

मग त्याने सांगितलं. तोवर त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ठाण्यात बसवून ठेवलं होतं त्या दिवशी त्याच्या रोजच्या वाटेवरचा एक माणूस काही कामासाठी तिथे आला होता. त्या घरी टिल्लू आठवड्यातून दोनदा तरी पार्सल द्यायचा, त्यांच्या कुत्र्याचं नावसुद्धा त्याला माहीत होतं. त्या माणसाने त्याला पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, आणि ओळख नसल्यासारखी मान फिरवली. “त्या ठाण्यात मी परत पाऊल ठेवणार नाही,” तो म्हणाला. “आणि त्या बाईंच्या दारात तर नाहीच.”

वहिनीने वाद वाढवला नाही. सकाळी ती उठली तेव्हा तो कामाला गेला होता आणि टेबलावर पाकिटाच्या मागे पत्ता लिहून ठेवलेला होता.

बाईंनी या खेपेला दार लगेच उघडलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, एका बाजूला किंचित कललेल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, हे भिंतीवरच्या नकाशांवरून कळत होतं. वहिनीने आपण कोण ते सांगितलं तेव्हा त्यांना पटकन संदर्भ लागेना. पार्सल म्हटल्यावर लागला. त्यांनी पायांकडे बोट केलं. हेच ते, म्हणाल्या. खोक्यात बूट होते, मापाने बनवून घेतलेले. डाव्याचा तळ उजव्यापेक्षा दोन बोटं जाड. जुने झिजल्यामुळे त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून जीव कासावीस झाला होता. त्या दिवशी घंटी वाजली होती तेव्हासुद्धा त्या आतल्या खोलीतून दारापर्यंत पोचेस्तोवर जिना रिकामा झाला होता.

वहिनीने फोन काढून वेबसाइटवरचा तो कागद त्यांच्यापुढे धरला. बाईंनी वाचला. पुन्हा वाचला.

“मी कुणालाही चोर म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनी विचारलं, शेवटचं कुणाच्या हातात होतं. फोनवर त्याचं नाव आलं होतं, ते मी वाचून दाखवलं.”

“हो.”

“मग हे संशयित कुणी घातलं?”

“नाव लिहायला तेवढाच रकाना होता म्हणे.”

बाईंना ते झोंबलं. आपण पार्सल मिळाल्याचा फोन केला होता, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, हे त्या सांगायला लागल्या. पोलिसांनीच पुढचं बघायला नको का, यात आपला काय दोष, असंही म्हणाल्या. वहिनी ऐकत राहिली. तिला भांडायचं नव्हतं, पण समजूतही घालावीशी वाटेना.

“तुम्ही सांगितलंत, बाई,” ती शेवटी म्हणाली. “ते आत लिहिलेलं आहे. बाहेर नाही.”

 मग बाईंनी विचारलं की त्याचं काम गेलं का. वहिनीने हो म्हटलं. आता काय करतो? वहिनीने सांगितलं. बाईंनी चहा करू का विचारलं. वहिनीने नको म्हटलं, कारण चहा घेतला तर आपण इथेच बसून राहू अशी तिला भीती वाटली. निघताना ती पुरवणी जबाबाबद्दल बोलली. बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. ठाण्यापर्यंत जायचं म्हणजे दोन बस आणि पायऱ्या, असं त्या पुटपुटल्या. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा त्या तशाच नकाशाखाली उभ्या होत्या. वहिनी घरी पोचायच्या आत त्यांचा फोन आला. तुमची सुट्टी कधी असते, एवढंच त्यांनी विचारलं.

ठरल्या दिवशी दोघी गेल्या. बाईंचा जिना उतरायला वेळ लागला, बसमध्ये चढायला वेळ लागला, आणि कक्षाच्या दाराशी पोचल्या तेव्हा खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लागली होती. दोघी बाकावर टेकल्या. वहिनीने पिशवीतून केळी काढली, एक बाईंना दिलं. शेजारी एक म्हातारा सायकलीच्या तक्रारीची पोच हातात धरून झोपला होता.

“रागावलाय का तो माझ्यावर?” बाईंनी विचारलं.

“रागवायला अंगात जोर लागतो, बाई.”

बाईंनी केळ्याची साल नीट घडी घालून रुमालात ठेवली. त्यानंतर त्या स्वतःबद्दल थोडं बोलल्या. शाळेत असताना मुलांनी खडू चोरले, डबे चोरले, तरी वर्गासमोर कुणाचं नाव घ्यायचं नाही ही त्यांची पद्धत होती. आपण नाव दिलं हेच आपल्या लक्षात आलं नाही, असं त्या म्हणाल्या. वहिनी ऐकता ऐकता पेंगुळली. जाग आली तेव्हा तिची मान बाईंच्या खांद्यावर होती आणि खिडकी उघडली होती.

रेकॉर्डवाल्यांनी छापील कागद दिला. लिहायला सहा-सात ओळींची जागा. बाईंनी आधी त्या छापील मजकुरातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक पेनाने दुरुस्त केली, मग ठळक, गोल अक्षरात जबाब लिहिला: अमुक यांनी माझे पार्सल चोरलेले नाही. टिल्लूचं पूर्ण नाव त्यांनी फोनवरून बघून लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. वहिनीने ते वाचलं आणि कागद स्वतःच्या हाताने काचेखालून सरकवला.

रेकॉर्डवाल्यांनी कागद घेतला, वाचला आणि खाली ठेवला. नाव लिहिलंत तर ते मला काळं करावं लागेल, म्हणाले.

बाईंना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “म्हणजे आरोप करताना नाव चालतं,” त्या म्हणाल्या, “आणि आरोप मागे घेताना चालत नाही?”

“आरोप असतो तोवर ते तक्रारदाराचं म्हणणं असतं, बाई. ते जसंच्या तसं लावायचं. निर्दोष ठरला की तो खासगी माणूस झाला. खासगी माणसाचं नाव जपावं लागतं.”

त्यांनी हे थट्टेने म्हटलं नव्हतं. नियम तसाच होता आणि तो त्यांनी केलेला नव्हता. वहिनीने काचेवर हात टेकला आणि नुसती उभी राहिली. इतक्या फेऱ्या, इतक्या सुट्ट्या, आणि पुन्हा काळी पट्टी. तिला रडूही येईना. घरी जाऊन टिल्लूला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

“दुसरा कागद द्या,” बाई म्हणाल्या.

त्या बाकावर जाऊन बसल्या. बराच वेळ पेन वर धरून विचार करत होत्या. मागच्या लोकांचे नंबर लागून गेले. मग त्यांनी एका दमात लिहिलं आणि कागद वहिनीकडे न देता थेट काचेखालून सरकवला. रेकॉर्डवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मोठ्याने वाचलं:

“या तक्रारीत वर संशयित म्हणून ज्याचे नाव छापले आहे, त्याने माझे पार्सल चोरलेले नाही. त्याने ते शेजारी दिले होते आणि ते मला मिळाले. मी नीट चौकशी न करता त्याचे नाव दिले. ती माझी चूक होती.”

त्यांनी ते परत एकदा मनात वाचलं, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत, जणू काळी पट्टी कुठे लागेल ते चाचपत होते. रांगेतला एक जण पुढे वाकून बघायला लागला. काळं करण्यासारखं यात काही नाही, रेकॉर्डवाले अखेर म्हणाले. फक्त शेवटच्या दोन ओळी लिहायची गरज नाही, कायद्याने कुणी तसं मागत नाही, हव्या तर खोडा. बाई म्हणाल्या, राहू द्या. रेकॉर्डवाल्यांनी शिक्का मारला, पोच फाडून दिली, आणि ती देताना वहिनीला म्हणाले की वेबसाइटवर चढायला थोडे दिवस लागतील, रोज बघत बसू नका. पुढचा नंबर पुकारायच्या आधी त्यांनी नाक पुसलं.

वहिनीने रोज बघितलं. शेवटी एका सकाळी कामाला निघताना ते दिसलं. तक्रार होती तशीच होती, नाव ठळक, रकाना तोच. खाली करड्या बारीक अक्षरात ‘पुरवणी जबाब (१)’ असं आलं होतं. त्यावर बोट दाबलं की बाईंचा मजकूर उघडत होता. दाबलं नाही तर नाही.

संध्याकाळी तिने फोन टिल्लूपुढे ठेवला. तो वाचत राहिला. चार ओळींना इतका वेळ लागत नाही.

“शेवटचं पण त्यांनीच लिहिलं?” त्याने विचारलं.

“त्यांनीच. खोडा म्हणत होते, तरी ठेवलं.”

 तो बोटांना मलम लावून आडवा झाला. पण त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला नाही, एवढं वहिनीने पाहिलं.

कंपनीला त्या मजकुराची प्रत पाठवली, त्यांचं उत्तर आलं नाही. प्रयोगशाळेतल्या मॅनेजरबाईंना टिल्लूने फोन केला; त्या चांगलं बोलल्या, पण ती जागा केव्हाच भरली होती. आणखी एका ठिकाणी नावापाशीच गाडी अडली. खाली वाचा म्हणेपर्यंत माणसाने फोन ठेवून दिला होता. मग एकाने त्याला दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याचा पत्ता दिला. कारखाना म्हणजे एका गाळ्यात पाच-सहा माणसं आणि मेणाचा वास. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायला त्यांना गाडीवाला हवा होता. मालक म्हातारे होते. त्यांनी वेबसाइट उघडली, टिल्लूकडे बघितलं, आणि हे काय म्हणून विचारलं. टिल्लूने त्यांना खालची बारीक ओळ दाखवली. त्यांनी ती उघडली आणि ओठ हलवत वाचली.

“ही बाई कोण?” त्यांनी विचारलं.

“शिक्षिका होत्या,” टिल्लू म्हणाला.

“वाटतंच आहे,” मालक म्हणाले. कवळ्या चोरून कुणी करणार तरी काय, असंही म्हणाले, आणि महिनाभर काम बघतो म्हणून त्याला ठेवून घेतलं.

बाईंनी नंतर एकदा फोन केला. त्यांना टिल्लूला भेटायचं होतं, समोर बसून दोन शब्द बोलायचे होते. वहिनीने त्याला विचारलं. तो म्हणाला, त्यांना सांग माझं काही नाही त्यांच्यावर, पण मला नको. वहिनीने ते तसंच कळवलं. बाई बरं म्हणाल्या, आणि तुम्ही तरी या कधी, म्हणाल्या. येते, असं वहिनी म्हणाली. जायचं तिच्या मनातही होतं. पण लाँड्रीत दोघी जणी आजारी पडल्या, पाळ्या वाढल्या, आणि ते मागे पडत गेलं.

पाळ्या ओसरल्यावर मिळालेल्या पहिल्या सुट्टीला तिने बरंच काही ठरवलं होतं. खिडक्या पुसायच्या होत्या, नवऱ्याचं कपाट अजून तसंच होतं ते आवरायचं होतं. टिल्लू सकाळी निघाला तेव्हा ती अंथरुणातच होती. त्याने चहा करून तिच्या उशाशी बशी झाकून ठेवला आणि दार हळू ओढून घेतलं. तिला ते ऐकू आलं. उठते आता, असं तिने मनात म्हटलं आणि कूस बदलली. डोळे उघडले तेव्हा दुपार झाली होती आणि चहावर साय धरली होती. तिने तो तसाच गार प्यायला, कप खाली ठेवला, आणि पुन्हा पांघरूण ओढलं.